आबांचा राब आणि डोंगरावरची आग

माझं माहेर खालापुराकडचं, आन् दिलं हिकडं कर्जतच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. आमचे हे खोपोलीला कंपनीत, घरी मी आन् सासरे, आबा म्हणतो त्यांना. तर एकदा फॉरेस्टचा गार्ड गावात आला न् इचारतो, उन्हाळ्यात वणव्यावर नजर ठेवायला कोन येतंय. बाप्ये म्हणले, ऊन लय. मी म्हणलं, मी येते, लाकडाफाट्याला रोज तुडवतेच की हा डोंगर. हसले सगळे. मी बी हसले.

काम काय सांगू ताई तुमाला, होळीच्या आधी जाळरेषा काढायची, म्हंजे डोंगराच्या कडंकडंनं गवत कापून, पाला झाडून रुंद पट्टा मोकळा करायचा, आग आली तर तिथं उपाशी मरावी. आन् मग ध्यान ठेवायचं. आमच्यात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, शेण-पाला पसरून जमीन जाळतात, त्याची ठिणगी उडाली का डोंगर गेलाच.

आता ऐका. एकदा भर दुपारी टेपाडावर उभी, खाली बघते तं धूर, आन् कुठनं, तर आमच्याच शेतातनं! आबांनी भर वाऱ्यात राब पेटवलेला. रोज सांगायची मी, आबा, सकाळी दंव हाय तवर भाजा. तर म्हणायचे, तू कालची आलीस गं, मी जल्मभर भाजतोय. मी खाली धावेस्तोवर जाळ बांध ओलांडून करवंदीत घुसलेला. वर आमचा झरा, उन्हाळाभर गाव त्याच्यावर पाणी पितंय. गार्डला फोन लावू का नको, घरचंच माणूस. पण लावला.

मग ओरडले, अगं या गं बायांनो! जेवत होत्या तशा उष्ट्या हातानं आल्या. हिरवे डहाळे तोडले न् झोडपत सुटलो, डोळ्यांतनं पाणी, तोंडं काळी, एकमेकींकडं बघून हसतोय बी. आन् शेजारी बघते तं आबा, धोतर खोचून आगीला बडवतायत. जाळ आला जाळरेषेपाशी, लवलवला, पुढं खायाला काय नाय, बसला खाली. झरा वाचला.

गार्ड आला, म्हणला, कोनी लावली? बाया माझ्याकडं बघतायत. मी तोंड उघडायच्या आधीच आबा पुढं झाले, म्हणले, मी लावली साहेब, आन् हिनं धा वेळा नको सांगितलं होतं. काय सांगू, एवढ्या वर्षांत माझी बाजू अशी चारचौघांत कोनी घेतली नव्हती. गार्डनं लिहून घेतलं, घरी आलो, चहा दिला. आबा म्हणले, सूनबाई, उद्यापासनं जाळरेषा झाडायला मी बी येतो.

आता ऐंशीच्या पुढं हायत. राबाच्या दिसांत पहाटेच बांधाबांधानं फिरतात, वाऱ्यात कोनी काडी काढली का कडाडतात, अरं ठेव ती, माझ्या सुनंला इचारलंस का? मुंबईची पोरं डोंगरावर विडी पेटवतात ना, त्यांना तं काठीच दावतात. यंदा एकदाबी आग नाय लागली. वर जाऊन बघा, पाखरांनी नुसता कालवा मांडलाय. तुमची लेकरंबाळं अशीच हिरव्या सावलीत वाढू देत. आन् ताई, झऱ्याचं पाणी पिऊन बघा, मग जावा.