बंदीच्या सुगीतली बत्ती

...अन् वरून लोक म्हणते, बंदीनं गावाचं भलं झालं! कोणाचं झालं? माहं तं नाही झालं! तुम्हाले सांगतो, वेपवरची, म्हणजे त्या बॅटरीवाल्या सिगरेटीवरची बंदी काही आजची नाही, एकोणीस सालापासून आहे, पण ते पहिलेची बंदी कशी होती, कागदावरची, गुणाची, कोणाच्या मधात न येणारी... काय दिवस होते राजेहो!

म्हणजे कसं, कारध्याच्या पुढं नदीकाठी आमचं गाव, सारे ढिवर, मासोळीवर पोट. अन् पुलाखाली रोज संध्याकाळी कॉलेजचे पोट्टे येऊन बसत. हातात ते रंगीत रंगीत वेप, संपली की फेकायची, मोठ्या लिपस्टिकवानी दिसणारी. ओढत अन् धूर सोडत, अन् धूर तरी कायचा? आंब्याचा वास, टरबुजाचा वास, बुढ्ढी के बाल असते ना, त्याचा वास! सारी वैनगंगा मंडईवानी घमघमे!

मी ओढत नव्हतो हं. आधीच सांगून ठेवतो, एक झुरका नाही मारला कधी. मी उचलायचो. कायले? अहो, त्याच्या पोटात बॅटरी राहते! बोटाएवढी, पुन्हा चार्ज होणारी, अन् हे शहाणे चार दिवस धूर काढून ते नदीत भिरकावत! आयटीआय मी दुसऱ्या वर्षाले सोडलं, मान्य. गावातले म्हातारे मले वाया गेलेला म्हणते, म्हणू द्या. मले निदान मल्टिमीटर तं धरता येते, त्याईले स्वतःचं तोंड धरता येत नाही!

अन् मजा पाहा, बंदी होती म्हणूनच माल येई. घरी नेली तं बाप खिसे तपासन, म्हणून पोट्टे जाता जाता फेकून देत. पुलावरून पोलिसांची गाडी गेली की सारे एकदम फेकत, भरलेल्या बी! मी झुडुपाआड पोतं घेऊन बसलेला... मनातल्या मनात म्हणो, ये बापा, आणखी एक चक्कर मार! लोकाईची सुगी दिवाळीत येते, माही, पोलिसाईच्या गाडीचा सायरन वाजला की येई. काय दिवस होते राजेहो!

मंग घरी येऊन माही माय बेबीबाई अन् मी पक्कड घेऊन फोडायले बसो. माय एकेक हुंगे अन् मले, माहं नाव देवा, म्हणे, "देवा, आज आंबा लय आला रे." आमच्या घरात सफरचंद कधी कापलं गेलं नाही, पण वास? साऱ्या फळाईचा! बॅटरी काढा, एलईडी जोडा, चार्जिंगची पट्टी लावा, सायकलच्या ट्यूबचा पट्टा करा, झाली कपाळावरची बत्ती. पहाटे जाळी काढायले जाणारे म्हातारे अगोदर दातात टॉर्च धरून काम करत, लाळ गळे टॉर्चवर. मी बत्त्या वाटल्या अन् एक दिवस काठावर उभा राहून पाहिलं... पंधरा डोंगे अन् पंधरा बत्त्या, पाण्यावर चांदण्या चालून राहिल्यावानी. मले कोणी शाबास म्हटलं नाही. नाही तं नाही. दिसलं ना मले!

मंग यंदा बंदी खरी झाली. ठेल्याठेल्यावर तपासणी, पोट्टे गायब, पुलाखाली नुसतं शेवाळ. अन् एका सकाळी हवालदार साहेब आमच्या दारात. कोणी चुगली केली, भगवान जाणे! पोतं उपसलं. त्रेचाळीस वेप.

"एवढ्या कायले जमवल्या रे? साठवणूक बी गुन्हा आहे, सहा महिने जाशीन!"

मायनं पक्कड पदराखाली लपवली. मी म्हटलं, "साहेब, ह्या मेलेल्या आहेत. ह्याच्या मी बत्त्या बनवतो. विचारा ना ह्या लोकाईले!"

अन् लोक तं सारे जमलेच होते! पोलीस पाटील फकिरा काका सर्वाच्या समोर, हातात प्लास्टिकची पन्नी, पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून राहिले. खर्ऱ्याले बी बंदी आहे बरं का राजेहो! तरी घोटता घोटता म्हणते कसे, "साहेब, आजकालची पिढी... व्यसनानं वाया गेली." जागेश्वर मामा, ज्याचा पट्टा मी तीनदा बदलून देला, तो म्हणते, "बत्ती? कोणती बत्ती? आम्ही अंधारातच जातो साहेब. सवय आहे!" कपाळावर पट्ट्याचा वळ उमटलेला, सरळ लाल रेघ! काहून नाही म्हटलं? मले माहीत आहे ना! बत्ती दाखवली तं जप्त होईन, मंग उद्या पहाटे काय? म्हणजे पोट्टा आत गेला चालते, बत्ती घरी राहिली पाहिजे!

फकिरा काकाले अजून चेव आला. "थांबा साहेब, मेलेली आहे का जित्ती, मी सांगतो." पोत्यातून एक उचलली, तोंडात घातली, अन् असा जोर लावून ओढली... टोकाले निळा लाईट! दोन्ही नाकपुड्यातून धूर! काका खोकून खोकून दुहेरी, खर्रा मातीत, अन् साऱ्या आंगणात टरबुजाचा वास!

हवालदार म्हणते, "मेलेली म्हणे! हे तं श्वास घेऊन राहिली!"

झालं. आता सहा महिने पक्के. म्हातारे सारे काकाच्या पाठीवर थापा मारून राहिले, माह्या पाठीवर कोणी नाही.

तेवढ्यात मागून धुरपता आजी आली. मासोळीचं टोपलं खाली ठेवलं. हे बाई मले नावानं कधी हाकच मारत नाही, "ए वाया गेल्या!" हेच माहं नाव. तिनं ओच्यातून बत्ती काढली अन् हवालदाराच्या हातात कोंबली.

"हे घे रे बापा. फोड. आत पाह्य. पोट्टा नालायक आहे, चोर नाही."

फोडली. आत तेच बॅटरी, वेपच्याच कंपनीचं नाव छापलेली. साहेबानं पोत्याकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं, कपाळावर लाल रेघा असलेल्या साऱ्या म्हाताऱ्याईकडं पाहिलं. मले समज देऊन सोडलं. पोतं जप्त. आजीची बत्ती बी जप्त. गाडी वळली नाही तं सारे म्हातारे एका सुरात, "मी तं म्हणतच होतो, पोट्टा चांगला आहे!" काय म्हणावं ह्याईले? सांगा ना, काय म्हणावं!

दुसऱ्या दिवशी पहाटे काठावर गेलो. चौदा डोंगे, चौदा बत्त्या. पंधराव्यात आजी, दातात टॉर्च. तिले दात चार! दर दोन मिनिटानं टॉर्च पाण्यात पडे अन् तिथून शिव्या ऐकू येत, फकिरा काकाच्या सात पिढ्याईले!

पुलाखाली फिरलो. एकही वेप नाही. एकही! त्या पोट्ट्याईचे ते रंग, ते वास... काय दिवस होते राजेहो!

घरी आलो, एक मिनिट बसलो, अन् पक्कड काढली. आजीची नवी बत्ती झाली. बॅटरी जराशी मोठी आहे, कपाळावर पाटी बांधल्यावानी दिसते, आजी म्हणते, "ए वाया गेल्या, मान दुखते माही!" पण उजेड? जाळ्याची गाठ न् गाठ दिसते.

तेव्हापासून लोक विचारून राहिले, "देवा, तुहा फोन काहून बंद येते?" काय सांगू... माहा फोन रोज पहाटे धुरपता आजीच्या कपाळावर बसून मासोळ्या पकडायले जाते!