हात निब्बर झाला म्हणून

माझं माहेर पाथरीकडचं, सासर हे बोरी. नाव लिवा सोनाबाई, आडनाव ऱ्हाऊ द्या. मी लहान व्हते तवा आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, बापानं घरातले देव टोपल्यात भरून नदीला सोडले अन् आईला म्हणला, आता कुणापुढं रडायचं न्हाई, देवापुढंबी न्हाई अन् पाटलापुढंबी न्हाई. तेवढं एक मी माहेराहून पदराला बांधून आणलं बगा. माझं एक लेकरू पाळण्यातून गेलं तवा मी चार बायांत रडले न्हाई, बाया म्हणल्या लय घट्ट काळजाची हाय ही. मला ते चांगलं वाटलं. तुमी शाळेतल्या बाई हाव, तुमच्यापुढं खोटं कामून सांगू.

मंग बहात्तरचा दुष्काळ पडला अन् सडकेवर गिट्टी फोडायचं काम निघालं. मी अन् माझा मालक दोघंबी जायचो. पहिले आठ दिवस हाताला नुस्ते फोड, फोड फुटले की रगत, हातोडीचा दांडा हाताला चिकटायचा. मुकादम म्हणायचा, पंधरा दिवस जाऊ द्या, हात मरतो, मंग काही कळत न्हाई. अन् तसंच झालं बाई. तळहात असा निब्बर झाला की बाभळीचा काटा मोडायचा पण आत जायचा न्हाई. माझा भाऊ परभणीला दवाखान्यात मुडदे कापायच्या खोलीत कामाला हाय, त्यो बी आला की तेच सांगायचा, पहिल्या दिवशी ओकलो, तीन दिवस अन्न गेलं न्हाई, आता हात धुतो अन् भाकर खातो, अक्का, सवय झाली की सगळं सहन व्हतंय. आमच्या घरात ह्येच शिक्षण व्हतं.

तर सांगत काय व्हते, सुमी. माझी थोरली. तवा अकरा वर्षांची असंल. आमी दोघं कामावर, मंग भाकरी कोण करणार, तिला शाळेतून काढली अन् चुलीपुढं बसवली. तवा राशनवर ती लाल मिलो मिळायची, परदेशातली ज्वारी, तुमाला ठाव न्हाई, तिची भाकर थापतानाच चिरायची, तव्यावर उलटायची तर उलथन्यानं तुकडे व्हायचे, दोन्ही हातांनीच उचलून सावरावी लागायची. सुमीचे बोटं भाजायचे, ती रडायची, हात पाण्यात बुडवून बसायची अन् भाकर जळून जायची. मी कामाहून आले की बोलायची तिला. म्हणायची, किती नाजूक गं तू, सासरी कसं व्हईल तुझं. एकदा तर तिचा हात धरला अन् म्हणलं, भाजलं तरी भाजलं म्हणायचं न्हाई, सोसायचं, मंग सवय व्हती.

दोन-तीन वर्सं गेली. दुष्काळ सरला, आमी परत शेतातल्या रोजगाराला लागलो. सुमी एक दिवस म्हणली, आई, माझ्या हाताला मुंग्या येतेत, करंगळीकडून कोपरापस्तोर. मी म्हणलं कामाच्या माणसाच्या हाताला मुंग्या येतेतच, माझ्याबी येतेत. परत एकदा म्हणली, मी परत तेच म्हणलं. तिसऱ्यांदा ती म्हणलीच न्हाई. दंडावर एक फिकट चट्टा व्हता, रुपायाएवढा, खाजायचा न्हाई, दुखायचा न्हाई, मंग कोण ध्यान देतंय त्याच्याकडं.

अन् मंग ती रडायची थांबली. काय सांगू तुम्हाला, मला किती बरं वाटलं त्या दिवशी. तिनं चुलीवरचं भगुलं बिनचिंधीचं उचललं अन् हळूच खाली ठेवलं, तोंड वाकडं केलं न्हाई. शेजारची गोदामावशी बसली व्हती, ती म्हणली, सोने, पोरगी निब्बर झाली गं तुझी, आता दे कुठंबी. मी हासले. हासले मी बाई. गल्लीत दोघीतिघींना सांगून आले की आमची सुमी आता चिमट्यानं न्हाई, हातानं निखारा सारतीय.

कळलं कसं, तर वासानं. ती भाकर उलटायली व्हती, मी दारात गहू निवडायले व्हते, अन् जळका वास आला. मला वाटलं भाकर जळाली. बघते तर भाकर चांगली व्हती अन् सुमीची करंगळी तव्याच्या काठाला टेकलेली. ती माझ्याकडं बघून म्हणली, काय झालं आई? मी तिचा हात ओढून घेतला तवा तिला कळलं.

ती जखम महिनाभर भरना. मंग महारोग तपासणारे एक साहेब सायकलवर यायचे, ते आमच्या वस्तीत आले तवा मीच बोलावलं, जखमेला मलम द्या म्हणलं. त्यांनी आधी चट्टा बघितला. मंग सुमीला म्हणले, डोळे मीट बाळ, मी हाताला पीस लावतो, जिथं लागंल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेव. पीस लावलं की ती बोट ठेवायची, कवा बरूबर, कवा भलतीकडंच. मंग साहेबांनी पीस खिशात घातलं अन् नुस्तेच बसले. तिच्या हाताला काहीच लावलं न्हाई. अन् माझी पोरगी डोळे मिटून बोट ठेवायलीच व्हती, हितं लागलं, हा हितं लागलं, आता हितं. सगळं बरूबर सांगायच्या नादात व्हती ती, परीक्षेला बसल्यावानी. साहेबांनी मान खाली घातली.

मी म्हणलं साहेब, कामाचा हाय तिचा हात, सवय झालीय, माझाबी असाच हाय. त्यांनी माझ्या तळहाताला टाचणी टोचली, मी हात काढला. ते म्हणले, बघा, सवयीच्या हाताला कळतं अन् त्यो सोसतो. हिच्या हाताला कळतच न्हाई, मंग ती सोसणार काय. वरीस दोन वरीस आधी दाखवायला पाह्यजे व्हतं, तवा मुंग्या येत असतील ना. मी सुमीकडं बघितलं. तिनं काही सांगितलं न्हाई त्यास्नी. घरी आल्यावर मीच म्हणलं, तू बोलली कामून न्हाई गं मला परत. तर म्हणली, तूच म्हणली व्हतीस ना, सांगायचं न्हाई.

बाई, हे एवढं लिवा, बाकीचं न्हाई लिवलं तरी चालंल.

आता गोळ्या चालू हेत, साहेब महिन्याला आणून देतेत. म्हणतेत रोग वाढायचा न्हाई, पण गेलेलं परत यायचं न्हाई. दोन बोटं वाकली, सरळ व्हत न्हाईत. अठरा वर्सांची झाली, पाहुणे येतेत, हात बघून जातेत, परत निरोप न्हाई. पोरीचा बाप नुस्ता बिडी वढतो. अन् सुमी ऐकत न्हाई, भाकरी मीच करणार म्हणती. मंग रोज दिवस मावळायच्या आधी मी तिचे हात मांडीवर घेते, उलटेपालटे करते, कुठं भाजलं, कुठं कापलं, काटा हाय का. तिचं दुखणं मला बघून काढावं लागतं, ती नुस्ती माझ्या तोंडाकडं बघती.

अन् परवा काय झालं, ते कुणालाच सांगितलं न्हाई. तळहाताच्या कडेला मोठा फोड दिसला, पाण्यानं भरलेला. आधी असं काही दिसलं की मी दिवसभर बेजार असायची. परवा मी फोड धुतला, चिंधी बांधली, अन् उठून कालवणाला फोडणी दिली. निम्मं जेवण झाल्यावर ध्यानात आलं की मला काहीच वाटलं न्हाई. पोरीच्या हातावर औषध तरी मिळतंय, हे माझं कुणाला दाखवायचं मी?

असू द्या. तुमची लेकरं सुखी ऱ्हावोत बाई. मगाशी तुमचा बारका पोरगा गुडघा फुटला म्हणून भोकाड पसरायला व्हता अन् तुमी त्याला गप गप म्हणायल्या व्हत्या. नका म्हणू. आधी त्याला इचारा कुठं लागलं, अन् त्यो सांगंल तवर बसा त्याच्यापाशी.