तीन बांध

— नाही हो दादा, बांध नाही काढणार. दुसरं कुठलंही कार्ड सांगा, आत्ता काढते. हे बघा, हा दुसरा वाटाड्या काढला, तुम्ही म्हणालात ते पटलं मला, एका वाटाड्यात भागतं, दोन आले की एक नुसता हातात ताटकळत बसतो. ही गंजकी तलवार पण काढली. तिच्या जागी काय घालू — पहारेकरी? बरं, पहारेकरी. बघा, मी हट्टी नाहीये, सगळ्यांना उगाच वाटतं मी हट्टी आहे म्हणून. पण बांध तीनच्या तीन राहतील. माहितीय मला, तीन बांध म्हणजे तीन जागा वाया, या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने मला हे सांगून झालंय — तो खिडकीशी बसतो ना चष्मेवाला, तो तर म्हणतो तुझ्या डेकमध्ये तीन विटा आहेत, अजून थोड्या जमव, खोली होईल. हसा, हसा, मी पण हसले होते. खरंच आहे त्याचं. बांध फक्त पुराला अडवतो, आणि आता पूर खेळतं कोण? कुणीच नाही. सगळ्यांचे आगीचे डेक, चार चालींत समोरच्याची वेस पेटवायची आणि हात झटकून उठायचं. माझ्या हातात तेव्हा बांध असतात, आणि आगीपुढे बांध घेऊन काय करणार, नुसतं बघत बसायचं. गेल्या शनिवारी सगळ्यांशी हरले मी. सगळ्यांशी. दुकानाचे काका म्हणाले, पोरी, रविवारी स्पर्धा आहे, अजून वेळ गेलेली नाही, बांध काढ — आणि मला सरबत दिलं. हल्ली फार सांभाळून बोलतात माझ्याशी, का कोण जाणे. बहुतेक हरते म्हणून दया येत असेल.

तुम्ही नवीन दिसता इथे. आधी नाही पाहिलं. नाही, नाही, दुसरा डेक कशाला काढताय, असू दे, हाच घ्या — अनोळखी डेकशी खेळलं की चांगला सराव होतो. काकांच्या खोकल्याकडे लक्ष देऊ नका, काउंटरवर धूळ फार आहे. पिसा नीट. मी हळू पिसते हं, मला वरून ओतून पिसता येत नाही, ताईला यायचं, एका हातातून दुसऱ्या हातात पाण्यासारखी पडायची कार्डं.

ताई म्हणजे माझी बहीण, मोठी. तिनेच शिकवला मला हा खेळ. मला अक्षरं जोडून वाचता येत नव्हतं तेव्हापासून, म्हणजे कार्डावरचं ती वाचायची आणि मी चित्रं बघायचे, आणि ती वाचताना तिच्या सोयीचं वाचायची हे मला फार उशिरा कळलं. माझ्या पहारेकऱ्यांना कायम झोप लागायची. मी विचारायचे, ताई, कार्डावर तसं लिहिलंय? ती म्हणायची, हो, बारीक अक्षरात. — आणि आमच्याकडे एक नियम आहे, म्हणजे घरातला, खेळातला नाही. हरलेल्याने जिंकलेल्याचं एक काम ऐकायचं. काय वाट्टेल ते, नाही म्हणायचं नाही. आता मीच हरणार, तर मीच ऐकणार, आणि ताईसाहेबांचं काम नेहमी एकच — जा, पाणी आण. शेजारी भरलेली बाटली असायची, तरी. मी म्हणायचे, अगं ही काय बाटली. ती म्हणायची, ते नको, आणलेलं हवं. लोळायची मस्त उशीवर आणि मी जायचे स्वयंपाकघरात चिडचिड करत.

तुमची चाल. पाणथळ? वा. बरं झालं, निदान आग नाही. मी वाटाड्या लावते.

तर बांध का, तर ताईचा डेक पुराचा आहे. ती रविवारी येणार आहे. आता कळलं? म्हणून मी काढत नाही. मला बाकी कुणाला हरवायचंच नाही. बाकीच्यांशी हरले तरी चालेल, पण स्पर्धेत ती समोर आली — येणारच कधीतरी, पाच फेऱ्या असतात, आणि ती येईल तशी मी दिसेन तिला, ती पंचांना सांगेलसुद्धा, आम्हा दोघींना मधल्या सुट्टीत बसू द्या म्हणून, ती ओळखीची आहे सगळ्यांच्या — तर तेव्हा माझ्या हातात बांध हवाय. वर्षभर तेच करतेय मी. तिचा डेक मला तोंडपाठ आहे ना, तर मी सगळा कागदावर काढला, कार्डाएवढे तुकडे कापले, पेन्सिलीने नावं लिहिली, जुन्या कव्हरांत घातले आणि रोज शाळेतून आले की खेळते. दोन्ही बाजूंनी मीच. लबाडी नाही करत हं. तिची चाल असली की उठून तिच्या जागेवर जाऊन बसते, ती डावखुरी आहे म्हणून कार्डंही डाव्या हातात घेते. आई म्हणते, एकटीच काय बडबडतेस. मी म्हणते, एकटी नाहीये.

पहिल्या पहिल्यांदा तीच जिंकायची. म्हणजे मीच, पण ती म्हणून. — बगळा लावलात का? छान. मला वाटलंच होतं. तुम्ही खेळता बरे, पण जरा घाई करता, बगळा अजून एक चाल थांबवायचा असतो. सॉरी, शिकवत नाहीये. मी पहारेकरी लावते, तुमच्या सांगण्यावरून घातलेला, आलासुद्धा लगेच.

आमच्या घरात भांडण झालं होतं. सांगायची गोष्ट नाही तशी. ताईने कॉलेज सोडलं आणि एका छापखान्यात काम धरलं, आणि बाबा म्हणाले माझ्या घरात हे चालणार नाही, आणि ती म्हणाली बरं, नाही चालत तर नाही चालत. एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही कुणाचा. मला वाटलं संपलं. आणि ती आत गेली, पिशवीत कपडे भरले, आणि डेक घेतला. बाकी सगळं ठेवलं, पुस्तकं, घड्याळ, थंडीचा कोट, पण डेक घेतला. मी दारात उभी होते, रस्ता अडवून, तर मला बाजूला सारून जिना उतरली आणि वळणावरून म्हणाली, पुढच्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेला भेटू गं, हरवून दाखव मला, मग माग काय मागायचं ते. हसत म्हणाली. माणूस कायमचं जात असेल तर असं म्हणेल का? डेक कशाला नेईल? नंतर फोन लागेनासा झाला, नंबर बदलला असणार, पण डेक आहे ना तिच्याकडे. ज्याला खेळायचं नाही तो कशाला नेईल, सांगा ना.

बाबा? आमच्या चपलांच्या रॅकमध्ये तिचा कप्पा आहे, मधला, तो रिकामा असतो. बाबांनी नवे बूट आणले तर ते जमिनीवर ठेवतात, अडखळतात त्यांच्यावर रोज, पण त्या कप्प्यात ठेवत नाहीत.

धुकं लावणार का आता? — लावलंत. मी तुमच्या मनातलं ओळखायला लागले बघा. असं नाही होत माझं कधी इथे. म्हणजे आगीवाल्यांचं मला काही कळत नाही, आणि तुमचं सगळं कळतंय. थांबा, मी शिडी ठेवते. आणि पुढचं सांगू? तुमच्याकडे महापूर आहे. आहे ना? असा चेहरा करू नका, कळलं मला. अहो, कुणाकडे तरी आहे! काका, ऐकलंत का, यांच्याकडे महापूर आहे, आणि तुम्ही म्हणत होता आता कुणी खेळत नाही. बघतच नाहीत. काहीतरी शोधतायत खाली.

या, टाका. टाका ना, घाबरता काय.

— बांध.

आणि तुमचं पाणी उलटं फिरलं, तुमच्याच वेशीत शिरलं, आणि वेस गेली. संपलं. जिंकले. दादा, मी जिंकले. तुम्हाला कळतंय का, वर्षात पहिल्यांदा कुणा खऱ्या माणसाशी. घरी जिंकायचे ते कागदाच्या तुकड्यांशी, मनात यायचं, आपणच हरवतोय आपल्याला. आता खात्री झाली. रविवारी असंच करणार, अगदी असंच, ती अशीच महापूर टाकणार, तोंड वाकडं करून, आणि मी बांध ठेवणार हळूच, काही न बोलता. आणि मग मागणार. सांगू काय? — हसाल तुम्ही. घरी ये असं नाही म्हणणार. तसं म्हटलं तर नाही म्हणेल, नियम असला तरी. नुसतं म्हणणार, आज जेवायला चल. एका वेळचं. जेवायला काय, दोन गल्ल्या तर आहेत, स्पर्धेच्या हॉलवरून चालत येता येतं. पुढचं पुढे बघता येईल. आई बघून घेईल पुढचं.

द्या, मी आवरते तुमची कार्डं, जिंकणाऱ्याने आवरायची — नाही, तसा नियम नाहीये, मी आत्ताच केला, मला आज आवरावंसं वाटतंय. किती जपून ठेवलाय डेक, कव्हरंसुद्धा नवी. बगळा, पाणथळ, पाणथळ, धुकं. नावाडीण. ही नाही आली वाटतं तुमच्या हातात, तळाशी राहिली. ताई हिला —

हिला मिशा आहेत.

नावाडणीला. निळ्या पेनाच्या. कव्हरावर नाहीत, आत, कार्डावर.

कुणी काढल्या या? — तुम्ही नाही. बरोबर, तुम्ही नाही. मी काढल्यात. पहिलीत होते. ताई शाळेत गेली होती आणि मला वाटलं होडी चालवणारा माणूस असतो, त्याला मिशा राहिल्यात काढायच्या, म्हणून काढल्या. ती आली आणि इतकी रडली, आणि मग दुसऱ्या दिवशी तिनेच हिचं नाव मिशीवाली मावशी ठेवलं आणि प्रत्येक डावात हिला लावायची, गरज नसली तरी. हा डावीकडचा आकडा बघा, वर वळलेला. मला उजवा जमला नाही.

कुठून घेतलात हा डेक?

इथून. या दुकानातून. बरं. कधी — गेल्या महिन्यात. बरं.

काका.

काका, मान वर करा ना. मी ओरडत नाहीये. नुसतं विचारतेय, ती स्वतः आली होती का? — स्वतः आली होती. एकटी? केस तसेच लांब होते का? बारीक झालीय का? राहू दे, नका सांगू. सरबत मला त्याच्यासाठी दिलं होतंत, होय ना. मला वाटलं हरते म्हणून.

दादा, तुम्ही जरा सरका. नाही, काही नाही, मला दारातून बघायचंय. इथून आमची बाल्कनी दिसते, बघा, दुसऱ्या मजल्यावर, निळी चादर वाळत घातलीय ती. मागे दिवा लागलाय ते आमचं स्वयंपाकघर. दारात उभं राहिलं तर दिसतंच, न बघायचं ठरवलं तरी दिसतं, डेक काउंटरवर ठेवून मागे वळलं की समोरच. आई संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला येते बाहेर. संध्याकाळीच आली होती का ती, काका? — नको, नको म्हटलं ना, नका सांगू.

इथपर्यंत आली होती.

नाही हो, मला नकोय तो. तुमचा आहे, तुम्ही विकत घेतलाय, असा उचलून देऊ नका कुणाला. सांभाळून ठेवा फक्त. मावशीचं कव्हर बदलू नका, आत शाई पुसते घामाने. आणि बगळा एक चाल थांबवत जा, खरंच, मी गंमत नव्हते करत.

आणि तुम्ही मघाशी म्हणत होता ते बांध. काढा आता. तुम्हीच काढा, तीनही, तिथे बाजूला ठेवा. त्या जागी काय घालायचं ते घाला, मला काहीही चालेल.

जिंकले ना मी? मग माझं एक काम ऐका. पाणी आणा मला. — दिसतेय, बाटली दिसतेय मला, माझीच आहे, भरलेली आहे. ती नको. आणलेलं हवं. बाहेरच्या नळावरून आणा, त्या कोपऱ्यावरच्या. आणि सावकाश या.