कोड्याला उत्तर न्हाई

सोनईच्या स्टँडवर माझ्या पुढच्या बाकावर दोन म्हातारे एसटीची वाट बघत बसले होते.

"आमोसभाऊ, तुमच्या नातीला, एंजलला, गनितातलं मोठं बक्षीस मिळालं म्हनं. काय शोधलं तिनं?"

"एका जुन्या कोड्याला उत्तरच न्हाई, हे सिद्ध केलं."

"उत्तर सापडलं न्हाई, तरी बक्षीस?"

"सापडलं न्हाई हे येगळं आन न्हाईच हे येगळं, सहादेवराव. आता त्यापायी कुनी जन्म घालवनार न्हाई."

"हे मातूर लई भारी. आन तुमी कुठं निघालात?"

"कोल्हारला. तिथला पानाड्या हातावर नारळ धरून पानी दाखवतो. आपल्या वावरात तीन बोअर कोरडे गेले, चौथा कुठं घ्यावा ते इचारतो."

"एंजलला सांगितलं का?"

"न्हाई बाबा. पानी न्हाईच, हे ती लगेच सिद्ध करंल."