बाबांनी कव्हर घातलेलं पुस्तक

नवऱ्याशी सारखी भांडणं होतात म्हणून तोंड पाडून बसू नकोस, आधी माझ्या बाबांचं ऐक. लॉकडाऊनमध्ये परतीची विमानं बंद झाली आणि भेटायला आलेले बाबा आमच्याकडे परदेशात, टूनगॅबीला अडकले. लायब्ररीही बंद, म्हणून त्यांनी माझी एक हलकीफुलकी इंग्लिश लव्हस्टोरी उचलली. मुखपृष्ठावर जोडपं मिठीत होतं, तर आधी त्याला ब्राउन पेपरचं कव्हर घातलं.

थोड्या वेळाने बॅकयार्डमधून हसणं ऐकू आलं.

“आवडतंय वाटतं?”

“छे गं, काही घडतच नाही. तो काही बोलला की ती उलट बोलते, त्याची फजिती करते आणि परत दोघं कॉफी प्यायला जातात.”

पुस्तक संपलं आणि बाबांनी ते परत पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

“बाबा, शेवट माहितीये की आता.”

त्यांनी चष्मा काढला. “आमचं कधी भांडण झालं नाही, असं तुझी आई गेल्यावरही मी सगळ्यांना अभिमानाने सांगत आलो.”

“मग, खरंच आहे ना ते?”

“खरंच आहे. मी बोलायचो, ती गप्प बसायची. उलट बोलली असती तर कशी बोलली असती, ते बघतोय.”