अर्ध्या वाफेवरचं वऱ्हाड

माझा जन्म कळव्याचा, खाडीच्या कडेचा. दारातून भरतीचं पाणी दिसायचं, पलीकडे मिठागरं, आणि माझा आजा मिठाच्या पडावावर, म्हणजे शिडाच्या मालबोटीवर, बापूस पडावावर, मिसरूड फुटायच्या आधी मीही पडावावरच, शिडाशिवाय दुसऱ्या कशानं बोट चालते हे आम्हाला कुठं ठाऊक. तू आता कॉलेजात जातोस, तुला हे लिहून ठेवावंसं वाटतं, तर लिही बाबा. पण काय सांगू तुला, सांगण्यासारखं एकच आहे, आणि तेही तुझ्या आयला विचारलंस तर ती वेगळंच सांगेल.

आगगाडी आल्यापासून पडावांचं काम कमी झालेलं. पडावांचा मालक शेट म्हणाला, वाऱ्याची वाट बघत बसलो तर बुडू, आणि त्यानं एक छोटी आगबोट आणली, पडाव ओढत कल्याणला न्यायला. चालवायला मला घेतलं. इंजन शिकवायला ठाण्याहून पास्कूमिस्त्री आला, ख्रिस्ती माणूस, गोदीत काम केलेला, तोंडानं फटकळ. तो म्हणाला, हे बघ, दांडा नवा आहे, तो ज्या पितळी घरात फिरतो ती पितळही नवी आहे, दोघांची अजून ओळख नाही. पावसाळा लागेपर्यंत अर्ध्या वाफेवरच चालव, मध्येमध्ये पितळेवर हात ठेव, हात ठेववला नाही तर थांब, आत लाटसाहेब बसलेला असला तरी थांब. आणि तेल फक्त एरंडेल. मी म्हटलं बरं.

त्याच वैशाखात माझं लग्न. तुझी आय डोंबिवलीकडची, तीही खाडीकाठचीच. पण तिच्या मामाला मी पसंत नव्हतो. धूर ओकणाऱ्या बोटीवरचा जावई काय कामाचा, आंबिवलीला भातशेतीवाला पोरगा बघून ठेवलाय, लग्नाची वेळ टळली तर पोरगी तिकडे, असं तो चार माणसांत बोललेला. संध्याकाळची वेळ धरलेली, गाई घरी परततात ती. शेट दिलदार, म्हणाला वऱ्हाड आगबोटीतूनच ने.

आता आमच्यात नव्या बोटीला मुशीचं तेल चोळतात. मुशी मासा असतो ना, त्याच्या काळजाचं तेल, लाकूड त्यानं टिकतं, आणि तो बोटीचा मानही असतो. सकाळी मला हळद लागत होती तेव्हा बापूस एकटाच धक्क्यावर गेला, बोट चोळली, नारळ ठेवला, आणि प्रेमानं, खरंच प्रेमानं, इंजनाच्या तेलवाट्यांतलं एरंडेल काढून तिथंही तेच भरलं. त्याचं म्हणणं, नवरीच्या एका गालाला हळद लावायची आणि दुसरा कोरडा ठेवायचा का.

तर डोक्याला मुंडावळ्या बांधून मी इंजनापाशी, पुढं वाजंत्री, मधे बायका. पारसिकचा डोंगर मागं पडला आणि वास सुटला. माझी मावशी म्हणाली, लग्नाच्या दिवशी मुशी कोण भाजतंय रे. सगळे हसले. मी पितळेवर हात ठेवला आणि चटका बसला. वाफ तोडून बोट थांबवली. बघतो तर तेलाचा चिकट डिंक झालेला. बापूस जवळ आला, बघितलं, आणि त्याचा चेहरा पार उतरला. मी माझ्या नव्या उपरण्यानं सगळं पुसून काढलं. एरंडेलाचा डबा तर बापूस घरीच ठेवून आलेला. मावशीकडे बुधला होता, मांडवातल्या दिव्यांसाठी एरंडेल. ती म्हणाली, अरे मग दिवे कशानं लावू. मी म्हटलं, लग्न लागलं तर दिवे. तिनं बुधला दिला.

पुन्हा निघालो तेव्हा ऊन कललेलं. बापूस म्हणाला, वाढव आता वाफ. वाढवता येत होती, वाफेचं चाक हाताशीच होतं. पण पितळ अजून गरम होती. मी म्हटलं, बाबा, हळूच जायचं. तो म्हणाला, पोरगी जाईल रे. मी पितळेवर हात ठेवून बसलो, त्याच्याकडे बघितलं नाही. काठानं चालणारी गुरं आमच्या पुढं गेली.

तिकडचं तुझी आयच सांगते. आमच्यात लग्न लावते ती धवलारीण, म्हातारी बाई, धवळे म्हणजे लग्नाची गाणी गात गात सगळे विधी करते. मामा उठला, म्हणाला वेळ टळली. धवलारीण म्हणाली, माझे धवळे संपले नाहीत, ते संपल्याशिवाय वेळ टळत नाही. मामानं विचारलं, किती राहिलेत. ती म्हणाली, नवरा येईपर्यंत पुरतील. आणि गात राहिली, गाण्यात गणगोताची नावं घेऊन संपली, मग झाडं घेतली, मग खाडीतले मासे घेतले. तेवढ्यात माझ्या बोटीची शिटी वाजली, लांबून. नवरीनं बोलायचं नसतं, पण तुझी आय पाटावरून म्हणाली, आले, हळूहळू येतील, गा तुम्ही.

मांडवात निम्मेच दिवे लागले, आणि माझ्या हाताला मुशीचा वास, तिनं हात धरला तेव्हा नाक मुरडलेलं मला अजून आठवतं. मामा जेवून गेला, एवढं पुरे. त्यानंतर बापूस होता तोवर रोज सकाळी एरंडेलाचा डबा स्वतः बोटीवर आणून ठेवायचा.

आता बापूस नाही, पास्कू नाही, धवलारीणही गेली. बोट दुसरा चालवतो, पितळ अजून तीच आहे म्हणे. माझे गुडघे धरलेत, मी ओट्यावर बसून असतो. संध्याकाळी वळणावर शिटी वाजली की तुझी आय भाताचं आधण ठेवते आणि आतून, मी बोटीवर होतो तेव्हासारखंच, म्हणते, येतील हळूहळू. मी इथंच बसलेला असतो रे, दारातून तिला दिसतो. तिचं असंच चालू राहो, आणि तुलाही बाबा, कुणीतरी असं वाट बघणारं मिळो.