चौसष्ट चुली थंड असल्याबाबत

दिनांक १८/०२/२००८, पोलीस स्टेशन चामोर्शी, जि. गडचिरोली.

मी खैरुन जाहिद शेख, वय ४३ वर्षे, धंदा सुधारित चुली बांधणे व दुरुस्ती, राहणार बाजार चौक, चामोर्शी. आज दुपारी दोन वाजता बोलावल्यावरून आपल्या पायाने ठाण्यात आले असून, विचारल्यावरून खरे ते सांगते की,

वरील पत्त्यावर मी पती व दोन मुलींसह राहते. पतीचे पत्र्याच्या कामाचे दुकान आहे. मौजा सावरटोली येथे एकूण चौसष्ट घरे असून तेथील चौसष्टही चुली गेल्या दोन वर्षांत मी माझ्या हाताने बांधल्या आहेत. चूल मातीची, दोन भांड्यांची, धुराचा पाइप छपराबाहेर काढलेली. त्यामुळे त्या गावातील एकही स्वयंपाकघर मी पाहिले नाही असे नाही, आणि कोणाच्या घरी काय शिजते व कोण कोणाकडे जेवते हेही मला माहीत आहे.

सदर काम आपले सरकार व डेन्मार्क देशाचे सरकार यांच्यात झालेल्या कराराखाली चालते. इकडे जंगलातले जेवढे लाकूड जळायचे वाचले, तेवढ्या धुराचे प्रमाणपत्र त्या देशाला मिळते व त्या बदल्यात ते आपल्याकडे चुली बांधून देतात. आमच्या चुलीतून न निघालेला धूर डेन्मार्कला कसा पोहोचतो हे मला पहिल्या तीन बैठकांत समजले नाही. चौथ्या बैठकीत समजले आणि पाचव्या बैठकीपासून मी ते दुसऱ्यांना समजावू लागले.

चुली खरोखर वापरात आहेत का, हे पाहण्यासाठी त्या देशाचे तपासनीस श्री. योर्गन हे दि. १७ रोजी, रविवारी, येणार असल्याचे प्रकल्प अधिकारी श्री. टेंभेकर यांनी मला आठ दिवस आधी कळविले. नियम असा की स्वयंपाकाच्या वेळी चूल पेटलेली दिसली पाहिजे. दहापेक्षा जास्त चुली थंड आढळल्या तर गावाचे नाव यादीतून कायमचे कटते, दुरुस्ती बंद होते. मी घरोघर जाऊन बायांना हे सांगून आले होते. सगळ्यांनी हो म्हटले होते.

दि. १६ रोजी सायंकाळी मी गावात पोहोचले तेव्हा समजले की खालच्या मोहल्ल्यातील श्री. वामनराव उंदिरवाडे, वय ७६, यांनी दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाला चूलबंद आवतण दिले आहे. म्हणजे त्या दिवशी कोणी आपल्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी त्यांच्याकडेच जेवायचे. साता समुद्रापलीकडचा पाहुणा आपल्या गावच्या चुली बघायला येतो, त्याने एकट्याने जेवावे हे बरे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. पाहुण्याच्या मानासाठी त्यांनी नेमक्या त्याच चुली बंद केल्या होत्या, हे त्यांच्या किंवा गावातील कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

मी तडक त्यांच्या घरी गेले. ते अंगणात बसून तांदूळ निवडत होते. मला बघून म्हणाले, "खैरुनबाई, बाकीचे त्रेसष्टच्या त्रेसष्ट घरं येतो म्हणाले जेवाले. एकानं बी नाई म्हटलं नाई." मी जे सांगायला गेले होते ते सांगितले नाही. चहा घेऊन परत आले. यात कोणाचा गुन्हा असेल तर तो माझा धरावा.

दि. १७ रोजी सकाळी साडेदहा वाजता श्री. योर्गन व श्री. टेंभेकर जीपने आले. चालक बिरजू हा होता. नाल्याजवळच त्यांना गावावर धूर दिसला. तो धूर वामनरावांच्या वावरात खणलेल्या चार मोठ्या चुलाणांचा होता. त्यावर भात, वरण, वांगे-आलूची भाजी आणि बुंदी असे शिजत होते. योर्गन साहेबांनी त्याचा फोटो काढला. टेंभेकर साहेबांचे तोंड त्या वेळी पाहण्यासारखे झाले होते.

त्यानंतर आम्ही घरोघर गेलो. चूल सारवलेली, स्वच्छ, थंडगार. पहिले घर तसेच, दहावे तसेच, चाळीसावे तसेच. योर्गन साहेब प्रत्येक चुलीवर हात ठेवायचे आणि वहीत लिहायचे. दीड वाजता चौसष्ट घरे पुरी झाली. चौसष्ट चुली थंड. तरी आधी जेवून घ्या असे वामनरावांनी सांगितल्यावरून सर्व जण पंगतीला बसले. मीही जेवले. बिरजू दोन पंगतींत जेवला.

जेवणानंतर टेंभेकर साहेबांनी बायांना गोळा केले व सांगितले की घरी जाऊन दहा मिनिटे चुली पेटवा, मी फोटो काढतो, गाव वाचेल. पाच-सहा जणी उठल्याही. तेव्हा वरच्या मोहल्ल्यातील इंदुताई, वय अंदाजे ६८, पोलीस पाटलाची आई, या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आज माह्या घरी चूल पेटली, त वामनभाऊचं अन्न आमाले चाललं नाई असा अर्थ होते. गाव कटते त कटू द्या. मी नाई पेटवत." उठलेल्या बाया खाली बसल्या.

योर्गन साहेबांनी हे काय चालले आहे असे विचारले. वामनरावांची नात संघप्रिया ही चामोर्शीला कॉलेजात शिकते, तिला इंग्रजी येते. मी सांगत गेले व ती त्यांना सांगत गेली. मी सांगितले की सन १९८८ मध्ये याच घरी वामनरावांच्या मुलाचे लग्न होते. तेव्हाही गावाला आवतण होते. वरच्या मोहल्ल्यातील तेवीस घरांनी डाळ-तांदळाचा शिधा घेतला आणि आपापल्या घरी नेऊन शिजवला. कोणी भांडले नाही, कोणी वाईट बोलले नाही. दुपारी तेवढ्या तेवीस छपरांवर धूर होता, एवढेच. तेवीस हा आकडा संघप्रियाने साहेबांना इंग्रजीत दोनदा सांगितला. तिचे आईवडील त्या लग्नातले नवरा-नवरी आहेत.

मी पुढे म्हटले, "साहेब, आज एक जरी चूल पेटलेली दिसली असती, त या माणसाचं आवतण फुकट गेलं असतं. तुमच्या वहीत हे नापास असन. आमी पास झालो."

योर्गन साहेबांनी वही मिटली. त्यांनी विचारले की या चुली आता केव्हा पेटतील. उद्या उजाडताच, असे मी सांगितले. ते म्हणाले की मग मी थांबतो. पोलीस परवानगीप्रमाणे सूर्यास्ताआधी गडचिरोलीला पोहोचले पाहिजे, असे टेंभेकर साहेबांनी त्यांना माझ्यासमोर तीन वेळा सांगितले. त्यावर त्यांनी तुम्ही जा, असे हाताने दाखवले. साडेचार वाजता टेंभेकर साहेब जीप घेऊन निघून गेले व त्यांनी परदेशी नागरिकास गावकऱ्यांनी डांबून ठेवल्याची तक्रार दिली. डांबणे तर सोडाच, त्यांना कोणी राहा असेही म्हटले नव्हते. योर्गन साहेबांनी मुक्काम शाळेच्या खोलीत केला. खाट, मच्छरदाणी व पाणी गावाने दिले. मी अंगणवाडीच्या आशाबाई यांच्याकडे राहिले.

आज दि. १८ रोजी सकाळी सहा वाजता योर्गन साहेब, संघप्रिया व मी पुन्हा निघालो. छपराछपरावर पाइपातून बारीक धूर निघत होता. मला एवढे बरे वाटले की सांगता येत नाही. प्रत्येक घरी चहा पुढे आला. सहाव्या कपानंतर साहेबांनी पोटावर हात ठेवून माफी मागितली. इंदुताईंच्या चुलीवर दोन्ही भांडी चढलेली होती, तिसरे खाली वाट बघत होते, आणि त्यांना आमच्याशी बोलायलाही सवड नव्हती. संघप्रियाने आपले घर सर्वात शेवटी ठेवले. तोपर्यंत त्रेसष्ट चुली पेटलेल्या मोजल्या होत्या.

साडेनऊ वाजता वामनरावांच्या घरी पोहोचलो. ते दाढी करून, पांढरा सदरा घालून ओट्यावर बसले होते. त्यांची पत्नी कमलाबाई ठेवणीतले लुगडे नेसून दाराला कडी लावत होत्या. आत चूल थंड होती. कमलाबाई म्हणाल्या, "आज आमच्या घरी नाई पेटत, बाई. इंदुताईनं पहाटेच येऊन आवतण देल्लं." संघप्रियाला हे माहीत होते, पण पोरगी शेवटपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. वामनराव वरच्या मोहल्ल्यात जन्मभर नांगरायला, कापणीला, छपरे शाकारायला गेलेले आहेत. जेवायला आज पहिल्यांदा जात होते.

योर्गन साहेबांनी विचारले की संध्याकाळी ही चूल पेटेल ना, तोपर्यंत थांबू का, म्हणजे चौसष्ट पुरे होतील. मी सांगितले की नको साहेब, ही थंडच लिहा. त्यांनी तसे लिहिले.

सदर इसमास कोणीही अडविले नाही, धमकावले नाही, त्याचे काही घेतले नाही. माझी कोणाविरुद्ध, टेंभेकर साहेबांविरुद्धही, तक्रार नाही. ते पण पोटभर जेवले आहेत.

हा जबाब महिला हवालदार बाईंनी मला सावकाश वाचून दाखविला. मी बोलले तसाच उतरला आहे, कमी-जास्त काही नाही, म्हणून खाली सही करते.

सही/-
खैरुन जाहिद शेख